जगात जर्मनी, कानात डेन्मार्क

"गुरुजी, कापूस इकला का?"

"छे, नुसते ढग येऊन जायलेत. थेंब नाही."

विचारणारा माझाच जुना विद्यार्थी. भाव वाढेल म्हणून मी कापूस जूनपर्यंत घरात ठेवलाय हे त्याला माहीत होतं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं, "बरं" म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारून गेला. संध्याकाळपर्यंत पोखर्णीत दोन बातम्या फिरत होत्या. गुरुजींचे कान गेले, ही एक. गुरुजींचं डोकंही चाललं, ही दुसरी. पहिली खरी होती. दुसरी खोटी ठरवण्यासाठी मला कानाचं मशीन घ्यावं लागलं.

आता यात माझी चूक किती? कापूस आणि पाऊस. दोन्हीत आधी ‘आ’, मग ‘ऊ’. म्हातारपणी कान जातात म्हणजे सगळाच आवाज जात नाही. बारीक, उंच पट्टीतले आवाज आधी जातात. स्वर जाडेभरडे, खालच्या पट्टीतले. ते टिकून राहतात. स, श, फ, थ, क ही मंडळी मात्र मागच्या खिडकीतून पळणाऱ्या पोरांसारखी एकेक करून गायब होतात. हजेरी घेईपर्यंत कळतही नाही. म्हणून कुणीतरी बोलायलंय हे समजतं, काय बोलायलंय ते समजत नाही. छत्तीस वर्षं मी पोरांचं शुद्धलेखन तपासलं. पोरं अक्षरं लिहायची आणि काना-मात्रा खायची. आता माझे कान काना-मात्रा ठेवतात आणि अक्षरं खातात.

हे इतके दिवस कळलं कसं नाही, असं मुलाने पुण्याहून विचारलं. त्याला काय सांगणार? आमच्या गावचा देव नृसिंह. रेल्वे स्टेशनच्या नावातसुद्धा पोखर्णीच्या पुढे नृसिंह आहेच. खांब फोडून गर्जना करत बाहेर आलेला हा देव. त्याच्या गावात हळू बोलायची पद्धतच नाही. पलीकडच्या आळीतल्या माणसाला हाक मारायची तर माणूस आपल्या ओट्यावरून उठत नाही. पुण्यात जे बहिरेपण पहिल्या महिन्यात उघडं पडतं, ते पोखर्णीत दहा वर्षं झाकून राहतं. माझी बायको तर म्हणते, मी आधीपासूनच असा होतो, डॉक्टरांनी फक्त शिक्का मारला.

मशीन घ्यायचं ठरल्यावर घरातल्या प्रत्येकाने आपापली अट घातली. मुलगा म्हणाला, ब्लूटूथ पाहिजे. सून म्हणाली, चार्जिंगचं घ्या, सेल बदलत बसू नका. बायको म्हणाली, "कसलंबी घ्या, पण दिसू नये." कान माझा, पण त्याला कुणी काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर दिसू नये ही माझीही इच्छा होती. चष्मा लावला की माणूस विद्वान दिसतो. कानात मशीन घातलं की तोच माणूस म्हातारा का दिसतो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

मशीन डोळ्यांसमोर होतं ते फक्त शेजारच्या तात्यांचं. खिशातलं. काड्यापेटीहून थोडा मोठा डबा बंडीच्या खिशात, तिथून निघालेली वायर कानापर्यंत, आणि कानात सुपारीएवढं बोंडूक. शिबिरात मिळालेलं. आत पेन्सिल सेल लागतो. तो संपला की तात्या भिंतीवरच्या घड्याळातला काढून घालतात. त्यामुळे त्यांच्या घरी एक तर वेळ कळते, नाही तर बोलणं. पण एक गोष्ट मी पाहून ठेवली होती. तात्यांशी बोलायला येणारा माणूस आधी ती वायर बघतो, थांबतो, समोर येऊन उभा राहतो आणि एकेक शब्द सुटा करून बोलतो. तेव्हा मला त्याचं महत्त्व कळलं नव्हतं.

परभणीला गेलो. ऑडिओलॉजिस्ट मॅडम पंचविशीच्या, पण आवाजात जरब हेडमास्तरांची. काचेच्या बंद खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले, हातात बटण दिलं. "काका, बारीकसा जरी आवाज आला तरी दाबा." मी परीक्षा घेणारा माणूस, परीक्षेला बसायची सवय मोडलेली. आवाज येतोय की माझंच डोकं वाजतंय, हे ठरवता येईना. कॉपी करावी म्हटलं तर शेजारी कुणी नाही. दोन-चार वेळा अंदाजपंचे दाबलं. मॅडमनी काचेतून पाहिलं आणि मान हलवली. ती मान मी ओळखतो. मीच ती छत्तीस वर्षं हलवली आहे.

मग आलेख आला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या, आणि दोन्ही रेघा उजवीकडे जाता जाता उतरंडीला लागलेल्या. उजवा कान पंचावन्न, डावा साठ. मी मुलाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, डाव्या कानाला फर्स्ट क्लास की!" पण हे डेसिबल आहेत, मार्क नव्हेत. इथे जितके जास्त, तितका नापास. पंचवीसच्या आत असता तर कान चांगला म्हणायचा. बरं, अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा तरी उपयोग होईल म्हणून चौकशी केली. २०१६ च्या कायद्याप्रमाणे दोन्ही कानांची तूट निदान साठ डेसिबल लागते. म्हणजे उजवा कान पाच मार्कांनी तिथेही नापास. ऐकण्यात नापास आणि बहिरेपणातही नापास, असा हा कान.

मॅडमनी मग मखमलीचा ट्रे समोर ठेवला. सराफाच्या दुकानात आल्यासारखं वाटलं. पुढे किमती ऐकल्या तेव्हा खात्रीच पटली.

"हे जर्मनीचं. हे स्वित्झर्लंडचं. हे डेन्मार्कचं. हेही डेन्मार्कचं. आणि हेही."

जगात जर्मनी, भारतात परभणी, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ. पण कानाच्या बाबतीत जर्मनीची डाळ शिजत नाही हे मला त्या दिवशी कळलं. डेन्मार्क केवढा, तर माणसं साठ लाखांच्या आसपास, मराठवाड्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. आणि जगाच्या कानात घुसून बसलेला. याचं मूळ म्हणे एका नवऱ्यात आहे. हान्स डेमांट या माणसाच्या बायकोला कमी ऐकू यायचं. इंग्लंडची राणी अलेक्झांड्रा मूळची डेन्मार्कची राजकन्या. तिलाही कमी ऐकू यायचं आणि तिच्याकडे अमेरिकेत बनवलेलं विजेवरचं यंत्र होतं. डेमांटने तसलंच बायकोसाठी घेतलं आणि १९०४ मध्ये त्याचा धंदाच सुरू केला. तीच पुढे ओटिकॉन कंपनी. आपलं बोलणं बायकोला ऐकू जावं म्हणून नवऱ्याने खर्च केल्याचं हे इतिहासातलं दुर्मीळ उदाहरण असावं. आणि ते जर्मनीचं? सीमेन्सचा कानांचा धंदा २०१५ मध्ये वेगळा झाला आणि २०१९ साली त्याचं डेन्मार्कच्याच वायडेक्सशी लग्न लागलं. म्हणजे जर्मनीसुद्धा शेवटी डेन्मार्कच्या घरी नांदायला गेली. परभणीने यातून काय धडा घ्यायचा, ते परभणीने बघावं.

आमच्या पिढीला ट्रान्झिस्टर म्हणजे खांद्याला अडकवायचा रेडिओ. पण ट्रान्झिस्टर पहिल्यांदा विकायला आला तो रेडिओत नव्हे, कानाच्या मशीनमध्ये. अमेरिकेत, १९५२ च्या अखेरीस. ट्रान्झिस्टर रेडिओ त्यानंतर दोन वर्षांनी. म्हणजे आधी बहिऱ्यांनी ऐकलं, मग कान असणाऱ्यांनी. हे मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "काका, रिसीव्हर कोणता घ्यायचा ते बोलूया."

खरा घोळ इथून सुरू झाला. माझ्या समजुतीप्रमाणे रिसीव्हर म्हणजे टेलिफोनचा चोंगा. कानाच्या मशीनमध्ये मात्र रिसीव्हर म्हणजे स्पीकर. जो आवाज घेतो तो माइक, आणि जो आवाज देतो तो रिसीव्हर. देणाऱ्याला घेणारा का म्हणतात, असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, तो वीज घेतो आणि आवाज देतो. असेल. मतं घेऊन काहीच न देणाऱ्याला आपण सेवक म्हणतो, तिथे यांनी निदान थोडा तरी हिशोब ठेवलाय.

तर मशीनचं मुख्य शरीर कानामागे, आणि केसाएवढ्या वायरीच्या टोकाला हा रिसीव्हर कानाच्या भोकात. त्याचे प्रकार ताकदीवर: कमी, मध्यम, जास्त, फार जास्त. वायरीला चपलेसारखे नंबर. टोकावर रबराची टोपी. तिला डोम म्हणतात, म्हणजे घुमट. भोकं असलेला घुमट घातला की हवा खेळती राहते. बंद घुमट घातला की ताकद टिकते, पण स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. मी बंद घुमट घालून नुसतं "हं" म्हणालो आणि दचकून मागे बघितलं.

मग मॅडमनी ट्रेच्या कोपऱ्यातून तो वेगळा रिसीव्हर काढला. यात स्पीकरच्या जोडीला माइकही कानाच्या आतच. २०२० मध्ये जीएन या कंपनीने तो बाजारात आणला. तीही डेन्मार्कचीच, हे सांगायला नको. कंपनी मुळात १८६९ ची, तारायंत्राची. तिने तेव्हा समुद्राच्या तळातून पार चीन-जपानपर्यंत तारा टाकल्या. दीडशे वर्षांनी ती पोखर्णीच्या मास्तराच्या कानात तार टाकायला निघाली.

आत माइक ठेवून काय होतं? कानाची पाळी कामाला लागते. माइक कानामागे असला की आवाज पाळीला वळसा घालून परस्पर आत जातो, आणि तो पुढून आला की मागून, वरून की खालून, हे मेंदूला नीट कळत नाही. पाळीच्या त्या वळ्या-घड्या देवाने यासाठीच केल्यात. मी इतकी वर्षं समजत होतो की त्या मास्तरांना धरायला सोयीच्या जाव्यात म्हणून आहेत.

खरं तर माझं मत बनलं ते दुसऱ्याच कारणांनी. उन्हाळ्यात मी डोक्याला रुमाल बांधतो, कानावरून. कानामागच्या माइकवर कापड घासलं की सुपात धान्य पाखडल्यासारखी खरखर. आत माइक असला की रुमाल त्याला पोचत नाही. मोटारसायकलवर पोखर्णी ते परभणी वारा कानामागे घोंघावतो. आतला माइक त्यातून बऱ्यापैकी वाचतो. आणि फोन. कानामागचं मशीन घालणारी माणसं फोन कानाच्या वर, टोपी सावरल्यासारखा धरतात. आत माइक असला की फोन चारचौघांसारखा कानालाच लागतो. शिवाय कानामागच्या माइकला घासायला माझा रुमाल एकटा नाही. चष्म्याची काडी तिथेच, शिक्षकी सवयीची पेन्सिल तिथेच. कानामागून येऊन तिखट होणाऱ्या मंडळींत माइकची भर नको होती.

"पण काका, तुम्ही काठावर आहात," मॅडम म्हणाल्या. हे वाक्यही माझंच. कारण सोपं होतं. मांडववाल्याला विचारा: माइक भोंग्यासमोर गेला की कुंईईई होतं. भोंग्याचा आवाज माइकमध्ये, माइकचा भोंग्यात, असं चक्र लागतं. इथे तर माइक भोंग्याच्या शेजारीच, एका बिळात दोघे. आवाज फार चढवावा लागला की शिट्टी वाजणार. म्हणून ज्याचा कान फारच गेलाय त्याला हा रिसीव्हर देत नाहीत. माझ्यासाठी कानाचा साचा घेऊन त्या मापाचा मोल्ड करू, म्हणाल्या, मग जमेल. काठावर का होईना, पास.

किंमत जोडीला दोन लाखांना थोडे कमी. मी सवयीने सोयाबीनमध्ये हिशोब केला. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये. म्हणजे एकेचाळीस क्विंटल, तेही हमीभाव हातात पडला तर. उजव्या कानात वीस क्विंटल आणि डावा जरा जास्त गेलेला म्हणून त्यात एकवीस. पावतीवर जीएसटी शून्य होता, तेवढीच फुंकर. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्यांना तीन हजार मिळतात आणि त्यातून घ्यायच्या वस्तूंत श्रवणयंत्रही येतं. पण घराचं वर्षाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत लागतं. माझी पेन्शन आडवी आली. तात्यांना मिळाले. त्यांनी त्यातून कमरेचा पट्टा घेतला. म्हणाले, "कानाला काय झालंय? वायर अजून साबूत हाय."

शेवटी कापूस विकला. उरलेलं पेन्शनीतून घातलं.

पहिल्या दिवशी घर म्हणजे कारखाना वाटलं. वर्तमानपत्राचं पान उलटलं की पत्रा फाटल्यासारखं. चपला चालताना बोलायच्या. दुपारी स्वयंपाकघरातून भाकरी थापण्याचा आवाज आला. हा आवाज नाहीसा झालाय हेच मी विसरलो होतो. परातीवर थप थप थप, मग क्षणभर शांत, मग तव्यावर पाणी फिरवल्याचं चर्र. आणि त्याच्या मधेमधे बायकोचं बोलणं. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी दारात जाऊन विचारलं, "कुणाशी बोलायलीस?"

ती दचकली. "तव्याशी. तुमाला ऐकू येईना, मग कुनाशी बोलावं?"

तव्याला किती वर्षांचं माहीत होतं आणि मला किती नव्हतं, हे त्या आठवड्यात हळूहळू कळत गेलं.

अक्का भेटायला आल्या त्या लसूण टाकून कोमट केलेल्या तेलाची वाटी घेऊनच. कान म्हटलं की तेल, हा आमच्या घराण्याचा एकमेव वैद्यकीय सिद्धांत. एकवीस क्विंटलवर तेलाची धार पडणार तेवढ्यात मी हात आडवा केला. आतल्या माइकची ही आणखी एक दुखरी बाजू. कानाचा मळ आणि घाम त्याच्या थेट दारात. रोज रात्री छोट्या ब्रशने साफ करायचं, मळाची जाळी बदलायची. लहानपणी आई जे धपाटा घालून सांगायची, ते आता कंपनीच्या माहितीपत्रकात चित्रांसह छापलंय. अक्कांना वाईट वाटलं. त्यांनी ते तेल गुडघ्यांना लावलं.

नृसिंहाच्या आरतीला गेलो तर वेगळीच गंमत. नगारा, झांजा, घंटा एकदम सुरू झाल्या आणि मशीनने बिचकून सगळ्यांचा आवाज दाबला. त्याला ते गोंगाट वाटलं. डेन्मार्कला आरती कशी कळावी? दोन्ही बाजूंची यंत्रं आपसात बिनतारी बोलून ठरवतात काय ऐकवायचं ते. या कानाचं त्या कानाला कळू देऊ नये, असं आम्हाला शिकवलं होतं. इथे सगळाच कारभार त्या उलट.

पण खरी आफत वेगळीच निघाली. मशीन कुणालाच दिसेना. कानामागे केसांत दडलेलं आणि वायर केसाएवढी. बायको खूश, मुलगा खूश. आणि गाव दहा वर्षांच्या सवयीने माझ्याशी ओरडूनच बोलतंय. आधी निम्मं तरी वाऱ्यावर जायचं. आता एकेक शब्द हातोड्यासारखा. किराणा दुकानदार काउंटरवरून ओणवा होऊन माझ्या तोंडावर "साऽऽखर?" असं ओरडला, तेव्हा पायाखालची फरशी हलल्यासारखी वाटली. मी म्हणायचो, "हळू बोल बाबा, मशीन घातलंय."

"कुठंय?"

आणि मग शोध सुरू. कुणी पाळी पुढे ओढून बघतो, कुणी मागे वाकवतो, कुणी मोबाइलचा टॉर्च मारतो. निम्म्या गावाचे कान मी पिळलेत. तीच मंडळी आता माझा कान दोन बोटांत धरून, मान तिरपी करून, सावकाश, पुरेपूर वेळ घेऊन मशीन शोधू लागली. एक जण तर सापडल्यावरही सोडेना.

शेवटी तात्यांकडे गेलो. त्यांनीही कान ओढला, पण मित्रासारखा. बराच वेळ निरखलं.

"गुरुजी, येवढे पैसे घातले आन् दिसंना झालं?"

"दिसू नये म्हणूनच जास्त पैसे, तात्या."

"मग लोकाला कसं कळावं तुमी बहिरे हाव?" ते आत गेले. येताना हातात त्यांच्या मशीनची जुनी, मधेच तुटलेली वायर. तिचं एक टोक त्यांनी माझ्या कानावरून अडकवलं, दुसरं सदऱ्याच्या खिशात सोडलं. "जोडायची न्हाई कशालाच," ते म्हणाले. "नुसती लोंबू द्यायची."

तसाच बाहेर पडलो. समोरून तोच विद्यार्थी मोटारसायकलवर. त्याची नजर वायरीवर गेली, गाडी थांबली, बंद झाली. तो उतरून समोर येऊन उभा राहिला आणि खालच्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "गुरुजी, कापूस, इकला, का?"

"इकला. त्याचंच तर मशीन घेतलं."

त्याने वायर दोन बोटांत धरून खिशापर्यंत नीट पाहिली.

"भारी हाय," तो म्हणाला.